श्रीलंकेचे बेडूक-सरडे नैऋत्येलाच का एकवटलेत?

रानवाट: पुढच्या महिन्यात श्रीलंकेला चाललोय, फक्त सरडे-बेडूक बघायला. नकाशात प्रदेशनिष्ठ (म्हणजे फक्त तिथेच सापडणाऱ्या) जाती बहुतेक नैऋत्येला आणि मध्य डोंगरांतच दिसतात. एवढ्याशा बेटावर असं का?

देवराई: पाऊस, दादा. नैऋत्येला वर्षाला २५०० मिमीच्या वर पडतो. तिथल्या झुडपी बेडकांची पिल्लं डबक्यात वाढत नाहीत. अंड्यातून थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो. त्याला ओल लागते, कोरड्या पट्ट्यात यातल्या बहुतेक जाती तगत नाहीत.
उत्तरेची गोष्ट वेगळी. हिमयुगात समुद्र खाली गेला की तमिळनाडूशी जमीन जोडली जायची, म्हणून आपलं रत्नागिरीचं फुरसं जाफना-मन्नारच्या वाळूतही सापडतं. आणि खरी मजा डोंगरांत! नाकावर शिंग असलेले सरडे बघाच. मध्य डोंगरांत नुवारा एलियाच्या बाजूला एक जात, नकल्सच्या रांगेत दुसरी, सिंहराजाच्या सखल जंगलात तिसरी. नकल्स आणि मध्य डोंगर यांच्यामध्ये महावेली नदीचं खोरं आहे. थंड रानातला सरडा ते उष्ण खोरं ओलांडत नाही, म्हणून मला हा प्रदेश बेटातल्या बेटांसारखा वाटतो.

रानवाट: मग चार दिवसांत सिंहराजा की नकल्स?

पागोळी: बेडकांसाठी सिंहराजा, रात्री पाऊस पडून गेल्यावर. जळवांपासून वाचवणारे मोजे न्या. आणि फोटोसाठी सरडा हातात धरू नका, फांदीवरच राहू द्या. चहाच्या मळ्यांपायी त्यांचं रान आधीच तुकड्यातुकड्यांत उरलंय.