धक्क्यावरच्या जहाजांचा धूर कमी करायचा आराखडा: ६.६ केव्हीचं कोटेशन द्यावं का?

गोकुळशिरगाव_पॅनेल
नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगावला आमचं एलटी-एचटी (कमी आणि उच्च दाबाच्या) विजेच्या पॅनेलचं काम आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खासगी टर्मिनलची चौकशी आली आहे. जहाज धक्क्याला असताना त्याचे जनरेटर बंद ठेवायचे आणि किनाऱ्यावरून वीज द्यायची, त्यासाठी २ एमव्हीए, ६.६ केव्हीचा संच हवाय. सोबत ‘उत्सर्जन कमी करण्याचा अनुपालन आराखडा’ही मागितलाय. धक्के दोन. कोळसा आणि खत उतरतं, हंगामात साखर चढते. जहाजं बहुतेक सुप्रामॅक्स (सुटा माल नेणारी, मध्यम आकाराची), मुक्काम साधारण तीन दिवस. पॅनेलचं आम्ही बघून घेऊ, पण आराखड्यात नक्की काय लिहायचं? कायद्याने काय बांधील आहे? आणि ६.६ केव्ही बरोबर आहे का?

बंदर_हिशेब
कोटेशन थांबवा राव. ६.६ केव्ही हा आकडा कंटेनर जहाजांच्या मानकातून उचललेला दिसतोय. किनाऱ्यावरून जहाजाला वीज देण्याचं आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे आयईसी/आयईईई ८०००५-१, त्यात कंटेनर जहाजाला ६.६ केव्ही आणि क्रूझला ६.६ किंवा ११ केव्ही धरलंय. सुप्रामॅक्सवर विजेचा मुख्य बोर्ड असतो ४४० ते ४५० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. तुमचा ६.६ केव्हीचा प्लग लावायला त्या जहाजावर जागाच नाही.

कायद्याचं आधी सांगतो, कारण तिथेच गल्लत होते. केंद्राची २०२३ची ‘हरित सागर’ ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि रोख केंद्राच्या अखत्यारीतल्या ‘मोठ्या बंदरां’वर आहे. टनामागे कार्बन उत्सर्जन २०३०पर्यंत ३० टक्के आणि २०४७पर्यंत ७० टक्के कमी करायचं, हे त्यातलं उद्दिष्ट. खासगी टर्मिनलला खरं बांधून ठेवतात त्या त्याच्या पर्यावरण मंजुरीतल्या अटी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र. ते दोन कागद मागवा, एकेक अट वाचा आणि आराखड्याची पहिली पानं त्या अटींच्या क्रमानेच लिहा. सहामाही अनुपालन अहवाल त्याच अटींवर जातो. जहाजाच्या बाजूला मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराचं परिशिष्ट ६ (जहाजांमुळे होणारं हवेचं प्रदूषण) लागू आहे. १ जानेवारी २०२० पासून इंधनात गंधक ०.५० टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही.

मग जहाजांची नोंदवही. मागच्या १२ महिन्यांतल्या प्रत्येक फेरीची एक ओळ करा: आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), बांधणीचं वर्ष, ‘ऑल फास्ट’ची (सगळे दोर बांधून झाल्याची) वेळ, शेवटचा दोर सुटल्याची वेळ, किती जनरेटर चालू होते, सरासरी किलोवॅट, बॉयलर चालू होता का, बंकर डिलिव्हरी नोटवरचं (जहाजात इंधन भरल्याच्या पावतीवरचं) गंधक. ती नोट जहाजावर तीन वर्षं ठेवावीच लागते, त्यामुळे एजंट ‘मिळत नाही’ म्हणाला तर ऐकू नका. जनरेटरच्या पाटीवरची क्षमता मात्र हिशेबात धरायची नाही. तीन जनरेटर बसवलेले असले तरी धक्क्यावर बहुतेक वेळ एकच चालतो, तोही अर्ध्या-पाऊण लोडवर.

एका फेरीचा नमुना देतो. सरासरी ३५० किलोवॅट, ७२ तास, म्हणजे २५,२०० युनिट. इंजिन ७२० आरपीएमचं आणि टियर २ (मारपोलच्या नायट्रोजन ऑक्साइड मर्यादांची दुसरी पायरी) असेल तर नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ४४ गुणिले आरपीएमचा उणे ०.२३ घात, म्हणजे युनिटला ९.७ ग्रॅम. फेरीला सुमारे २४५ किलो. (मर्यादा चाचणीच्या सरासरीवर असते. कमी लोडवर प्रत्यक्ष आकडा वर जाऊ शकतो.) युनिटला २१५ ग्रॅम इंधन आणि ०.५० टक्के गंधक धरलं तर सल्फर डायऑक्साइड ५४ किलो. तेच ०.१० टक्क्याचं इंधन वापरलं तर ११ किलो.

आता कार्बनकडे बघा. जहाजाचा जनरेटर युनिटला साधारण ०.६९ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. आपल्या ग्रिडचा आकडाही ०.७ च्या आसपासच आहे. किनाऱ्याची ५० हर्ट्झची वीज जहाजाच्या ६० हर्ट्झची करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये ७ टक्के गेले तर त्याच फेरीला जहाजाचे १७.४ टन आणि ग्रिडचे १९ टन. म्हणजे महावितरणची वीज दिली की धक्क्याजवळच्या गावातला धूर जाईल, पण कार्बन कमी झाल्याचा दावा टिकणार नाही. तो करायचा असेल तर सौर किंवा पवनचा करार आधी दाखवावा लागेल.

म्हणून क्रम असा: पहिल्या वर्षी धक्क्यावर ०.१० टक्के गंधकाचं इंधन, त्यासाठी बर्थिंगच्या शुल्कात सवलत. सिव्हिलचं काम शून्य आणि सल्फर एक पंचमांश. जहाजावर सक्ती टर्मिनलला करता येत नाही, पण चार्टर करारात (जहाज भाड्याने घेण्याच्या करारात) अट घालता येते. इंधनबदल मात्र धक्क्याला लागायच्या आधी पुरा व्हायला हवा. घाईत केला तर गरम पंपात पातळ डिझेल शिरतं, पंप अडकतो आणि धक्क्यातच ब्लॅकआउट. तापमान मिनिटाला दोन अंशांपेक्षा वेगाने बदलू द्यायचं नाही, चिकटपणा २ सेंटिस्टोकच्या खाली जाऊ द्यायचा नाही.

साठ_हर्ट्झ
वरचं पटलं. किनाऱ्याच्या विजेचं थोडं मी सांगतो.

सुप्रामॅक्सला कमी दाबाचा जोड हवा. ५०० किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.८ म्हणजे ६२५ केव्हीए, ४४० व्होल्टला ८२० अँपिअर. ३५० अँपिअरचा प्लग धरला तर तीन समांतर केबल लागतात. सगळ्यांची लांबी सारखी ठेवा, नाहीतर करंट समान वाटला जात नाही आणि आखूड केबल तापते. ५० चे ६० हर्ट्झ करायला स्टॅटिक कन्व्हर्टर, त्यापुढे प्रत्येक जहाजाला स्वतंत्र आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. एका ट्रान्सफॉर्मरवर दोन जहाजं कधीच नकोत.

जमिनीवर काम करणाऱ्यांचा हात इथे सवयीने चुकतो, तो न्यूट्रल अर्थ करताना. जहाजाची ४४० व्होल्टची व्यवस्था बहुतेक वेळा विलग न्यूट्रलची (न्यूट्रल अर्थला न जोडलेली), तीन तारांची असते. तुम्ही ट्रान्सफॉर्मरचा स्टार पॉइंट (न्यूट्रल) अर्थ केलात की जोडल्या क्षणी जहाजाचा इन्सुलेशन मॉनिटर (अर्थशी जोड झाला की सांगणारं यंत्र) ओरडतो आणि चीफ इंजिनिअर प्लग काढायला लावतो. ट्रान्सफॉर्मरची जहाजाकडची बाजू (सेकंडरी) अर्थ न करता मोकळी ठेवा, इन्सुलेशन मॉनिटर बसवा. फेज सिक्वेन्स (तीन फेजचा क्रम) तपासल्याशिवाय ब्रेकर लागू नये असा इंटरलॉक द्या.

दुसरं, स्टॅटिक कन्व्हर्टर शॉर्ट सर्किटला ट्रान्सफॉर्मरसारखा दणकून करंट देत नाही, रेटिंगच्या दीड-दोन पटीवर थांबतो. मग जहाजातल्या फीडरचा ब्रेकर ट्रिप व्हायच्या आधी कन्व्हर्टरच बंद पडतो आणि सगळं जहाज अंधारात. रिले कोऑर्डिनेशनचा (कोणता ब्रेकर आधी सुटायचा याचा) अभ्यास कोटेशनमध्ये वेगळी ओळ म्हणून धरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: माल कोण उतरवतो? सुप्रामॅक्सला स्वतःच्या चार क्रेन असतात. त्या चालणार असतील तर शिखर लोड १ एमव्हीएच्या वर जाऊ शकतो आणि कमी दाबाची ही सगळी मांडणी कोसळते. धक्क्याच्या क्रेनने किंवा ग्रॅबने काम असेल तरच वरचे ५०० किलोवॅट खरे.

गोकुळशिरगाव_पॅनेल
क्रेन! हे विचारायचं डोक्यातच नव्हतं. आजच मेल टाकतो. सॉकेट बॉक्स धक्क्यात खड्डा करून बसवायचे म्हणतायत, ते ठीक आहे का? आणि वीज बिलाचं काय?

कागल_फाउंड्री
खड्डा नको. जूनपासून चार महिने तो हौदच होणार. निचऱ्याची नळी भरतीच्या पातळीखाली गेली तर समुद्र उलटा आत येतो. जमिनीवर उभा बॉक्स करा, एसएस ३१६ स्टेनलेस स्टीलचा, आत हीटर. साध्या पावडर कोटिंगचं किनाऱ्यावर लवकर पोपडे निघतात. रंग आयएसओ १२९४४च्या सी५ वर्गाचा मागा. खड्डा करावाच लागला तर झाकण ईएन १२४च्या एफ९०० वर्गाचं, डक्टाइल आयर्नचं. मोबाइल हार्बर क्रेन त्यावरून जाते. असली झाकणं आपल्या शिरोलीत ओतून मिळतात, उगाच बाहेरून आणू नका.

केबलला ढील ठेवायला विसरू नका. भरलेलं जहाज रिकामं होताना पाच-सहा मीटर वर येतं, त्यात कोकणची भरती-ओहोटी अडीच-तीन मीटर. केबल दोराने बांधून सोडली तर दुसऱ्या दिवशी प्लगवर ताण येतो. रील किंवा छोटी डेव्हिट (केबल टांगून धरणारा फिरता हात), आणि ताण वाढला की आधी ब्रेकर उघडणारा स्विच.

बंदर_हिशेब
बिलाबद्दल: महावितरण उच्चदाब ग्राहकाला १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टर कमी असला की युनिट वाढवणाऱ्या मोजणीवर) बिल लावतं. कन्व्हर्टर रिकामा चालू ठेवला तर पॉवर फॅक्टर खाली जाऊन फुकट आकार बसतो, तेव्हा जहाज नसताना इनकमरच (येणाऱ्या विजेचा मुख्य ब्रेकर) बंद. मागणी आकार (मंजूर मागणीवरचा ठरीव आकार) तर जहाज नसलं तरी द्यावा लागतो. महिन्यात सहाच फेऱ्या जोडल्या जाणार असतील तर तो आकार त्या सहांवर वाटून युनिटचा दर काढा, जहाजाच्या डिझेलशी तुलना तेव्हाच खरी होते. जहाजाकडून पैसे घेणं म्हणजे वीज विक्री की बंदर सेवा, हे महावितरणकडून लेखी घ्या. विद्युत निरीक्षकाच्या परवानगीशिवाय संच चालू होत नाही, त्याचे दिवस वेळापत्रकात धरा.

आराखड्याचा साचा हवा असेल तर कॅलिफोर्नियाचा बघा. तिथे टर्मिनलच्या आराखड्यात कोणत्या धक्क्याला कोणतं उपकरण, कधीपर्यंत आणि बंदर व टर्मिनल यांच्यात जबाबदारी कशी वाटली हे लिहावं लागतं. जहाज कामाला तयार झाल्यापासून दोन तासांत जोडणी, आणि सुटताना पायलट चढायच्या एक तासापेक्षा आधी वीज तोडायची नाही. नियम आपल्याला लागू नाही, पण ही घड्याळं उचलण्यासारखी आहेत. जोडणी फसली की दोष जहाजाचा की किनाऱ्याचा, हे त्याच वेळी नोंदवायचा एक पानी फॉर्म करा. वेळ, अलार्म, केबल क्रमांक, दोन्हीकडच्या सह्या. नाहीतर सहा महिन्यांनी अहवाल लिहिताना एजंट आणि टर्मिनल एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

तुम्हाला दोन्ही धक्के एकदम करायची गरज नाही. नोंदवहीत पुन्हा पुन्हा येणारी चार-पाच जहाजं शोधा, त्यांच्या मालकांना शोअर कनेक्शन बॉक्सचा (किनाऱ्याची वीज घ्यायच्या जहाजावरच्या जोडपेटीचा) तपशील विचारा, आणि ती ज्या धक्क्याला लागतात तिथेच पहिला संच बसवा.

गोकुळशिरगाव_पॅनेल
क्रेनचं उत्तर आलं. कोळसा आणि खत धक्क्याच्या क्रेनने, साखरेला जहाजाच्या क्रेन. म्हणजे साखरेच्या फेऱ्या वगळून हिशेब धरतो. नोंदवही आणि मंजुरीच्या अटी मागवल्या आहेत, आल्या की आकडे इथेच टाकतो.

साठ_हर्ट्झ
साखरेच्या फेऱ्या आराखड्यातून गाळू नका, ‘फक्त इंधनबदल’ या रकान्यात लिहा. तपासणीत पहिला प्रश्न न जोडलेल्या फेऱ्यांवरच येतो.