शब्दचर्चा : ‘शेअर्ड इन्स्टॉलेशन’ला मराठीत काय म्हणावे?

मुद्रितशोधक

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेसाठी टेकलाइव्हची (टेक, लाटेक, झीलाटेक, लुआलाटेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामांच्या संचाची) मराठी सूचनापत्रिका तयार करायची आहे. टेकलाइव्ह एका लिनक्स सर्व्हरवर टाकायचे आणि बाकीच्या ३० संगणकांनी ते नेटवर्कवरून वापरायचे, अशी रचना आहे. मसुद्यात ‘सामायिक प्रतिष्ठापना’ असे लिहिले आहे. वाचणारे विद्यार्थी आणि प्रयोगशाळा सहायक आहेत. हा शब्द चालेल का? शिवाय माउंट, क्लायंट, कॅश, फॉरमॅट यांचे काय करावे? आज्ञा आणि फोल्डरांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहू या, टंकताना ती अर्थात रोमनमध्येच.

पाथरवट

प्रतिष्ठापना गणपतीची होते, सॉफ्टवेअरची नको. ‘अधिष्ठापन’ काही परिभाषा याद्यांत दिसते, पण ते वाचून सहायक काय समजेल देव जाणे. क्रियापद ‘इन्स्टॉल करणे’ ठेवा आणि नाम म्हणून ‘स्थापना’ वापरा. ‘सर्व्हरवरची स्थापना’, ‘स्थापनेचे फोल्डर’, ‘मागच्या वर्षीची स्थापना’ हे सगळे न अडखळता वाचता येते.

सातबारा

‘सामायिक’ऐवजी ‘सामाईक’ लिहा. सामाईक विहीर, सामाईक भिंत, उताऱ्यावरचे सामाईक खाते: वस्तू एक, हक्कदार अनेक, हा अर्थ मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. ‘सामायिक’ हे रूपही लिहिले जाते, चूक म्हणणार नाही. पण जैन परंपरेत सामायिक म्हणजे ४८ मिनिटांची समभावाची साधना, आणि ‘सामयिक’ म्हणजे प्रासंगिक. एका कान्याच्या फरकाने तीन वाटा फुटतात, त्यापेक्षा ‘सामाईक’ निःसंदिग्ध.

जुळारी

सातबारा यांच्याशी सहमत. ‘शेअर’साठी ‘वाटणे’ मात्र कुठेही येऊ देऊ नका. इथे शब्द चुकला की कामच वेगळे होते.

‘टेकलाइव्ह सगळ्या संगणकांना वाटा’ असे लिहिले, तर सहायक प्रत्येक संगणकावर एकेक प्रत उतरवेल. तीही एक रीत आहेच. टेकलाइव्हमध्ये फोल्डरांचे पूर्ण पत्ते कुठे कोरलेले नसतात. प्रोग्राम जिथे आहे तिथून वर चढत तो आपली टेक्सएमएफ डॉट सीएनएफ ही सेटिंगची फाइल शोधतो आणि बाकी सगळे त्यावरून ठरते. त्यामुळे २०२५ हे त्या वर्षीच्या आवृत्तीचे अख्खे फोल्डर आरसिंक या नक्कल करणाऱ्या आज्ञेने दुसऱ्या संगणकावर नेले तरी ते चालते. पण मग ३० संगणकांवर प्रत्येकी सुमारे ८ जीबी जागा जाते. (दस्तऐवज आणि स्रोत फायली वगळल्या तर जवळपास निम्मी, मग दस्तऐवज उघडणारी टेक्सडॉक ही आज्ञा मात्र निरुपयोगी.) दर अपडेटनंतर ३० ठिकाणी पुन्हा आरसिंक आलेच. याला ‘वाटप’ किंवा ‘प्रती उतरवणे’ म्हणा.

सामाईक स्थापनेत डिस्कवर प्रत एकच राहते. सर्व्हरवरचे /यूएसआर/लोकल/टेकलाइव्ह हे फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वापरू देणारी सोय) खुले करायचे आणि बाकीच्यांनी ते त्याच पत्त्यावर केवळ वाचण्यापुरते माउंट करायचे. पत्ता तोच असलाच पाहिजे असे नाही, पण तसा ठेवला की सूचनापत्रिकेत एकच ओळ लिहून भागते.

तेव्हा शीर्षक ‘टेकलाइव्हची सामाईक स्थापना’, आणि वाक्यात ‘सर्व्हरवरची एकच स्थापना सर्व संगणकांवरून वापरणे’.

मुद्रितशोधक

‘शेअर’वरून विचारणारे परवान्याचाही प्रश्न काढतील. डीटीपीची सॉफ्टवेअरे डोंगल लावून चालायची, ‘नेटवर्क कॉपी’ म्हणजे जास्त पैसे.

पाथरवट

टेकलाइव्ह मुक्त सॉफ्टवेअर आहे, संगणक मोजायचे कारण नाही. पत्रिकेत एक वाक्य पुरे.

त्याच डीटीपीच्या सवयीमुळे ‘क्लायंट’ हा शब्दही टाळा. छापखान्यात क्लायंट म्हणजे काम घेऊन येणारे गिऱ्हाईक. ‘क्लायंटच्या मशीनवर पाथ सेट करा’ हे वाक्य तिथे भलताच अर्थ देईल. ‘वापरणारा संगणक’ लांब आहे, पण स्वच्छ आहे. सर्व्हर तेवढा सर्व्हरच राहू द्या.

जुळारी

माउंटबद्दल. ‘आरोहण’ शब्दशः बरोबर, पण वाचताना डोळ्यांसमोर हिमालय येतो. ‘जोडणे’ आधीच केबल, प्रिंटर आणि वाय-फायने अडवून ठेवले आहे. ‘माउंट करणे’ तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे समजावून सांगा: दुसऱ्या संगणकावरचे फोल्डर आपल्याच फोल्डरांच्या रांगेत दिसू लागणे.

पत्रिकेतला हा भाग मी असा लिहीन:

सर्व्हरवर इन्स्टॉल करण्यापूर्वी यूमास्क (नव्या फायलींच्या परवानग्या ठरवणारे सेटिंग) ०२२ आहे याची खात्री करा. सर्व्हरवर तो ०७७ असेल, तर फायली फक्त मालकालाच वाचता येतात. सर्व्हरवर चाचणी उत्तम होते आणि बाकी संगणकांवर ‘फाइल सापडत नाही’ किंवा ‘परमिशन डिनाइड’ येते. सगळे नेटवर्कला दोष देत बसतात.

इन्स्टॉल करतानाच, किंवा नंतर टीएलएमजीआर (टेकलाइव्हचा व्यवस्थापक प्रोग्राम) प्लॅटफॉर्म ॲड या आज्ञेने, वापरणाऱ्या संगणकांच्या प्रकारांचे प्रोग्राम घ्या. ते बिन फोल्डरात वेगवेगळ्या उपफोल्डरांत राहतात: एक्स८६_६४-लिनक्स, विंडोज, युनिव्हर्सल-डार्विन. फॉन्ट, मॅक्रो, दस्तऐवज सगळ्यांना तेच चालतात. सामाईकपणाचा खरा फायदा इथे आहे.

सर्व्हरच्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये प्रयोगशाळेच्या पत्त्यांपुरतेच आणि ‘आरओ’, म्हणजे फक्त वाचण्यासाठी, असे फोल्डर द्या. मग ते लागू करायला एक्सपोर्टएफएस -आरए. वापरणाऱ्या संगणकाच्या एफएसटॅब या माउंटच्या यादीतही ‘आरओ’. तिथे सवयीने ‘युजर’ हा पर्याय लिहू नका. त्याच्यासोबत ‘नोएक्झेक’ (प्रोग्राम चालवायला मनाई) आपोआप येतो आणि परवानग्या ७५५ (सर्वांना चालवण्याची मुभा) दिसत असूनही एकही प्रोग्राम सुरू होत नाही.

शेवटी पाथ, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी. /ईटीसी/प्रोफाइल डॉट डी मध्ये छोटी फाइल करून २०२५/बिन/एक्स८६_६४-लिनक्स हे पाथच्या सुरुवातीला जोडा. शेवटी जोडले आणि लिनक्सच्या वितरणातून आलेले जुने टेकलाइव्ह आधीच असेल, तर तेच चालत राहील. व्हिच झीलाटेक आणि केपीएसईव्हिच --व्हार-व्हॅल्यू टेक्सएमएफरूट या दोन आज्ञांची उत्तरे पाहा. दोन्हींत माउंट केलेल्या फोल्डरचा पत्ता आला पाहिजे.

खिळा

टर्मिनलमध्ये चालते आणि मेनूतून उघडलेल्या टेकस्टुडिओ या संपादकात चालत नाही, हा प्रकार यात लिहिलेला नाही. त्या खिडकीला तो पाथ पोचलेला नसतो. पत्रिकेत घाला.

विंडोजसाठी टेकलाइव्हमध्ये टीलॉन्च नावाचा प्रोग्राम आहे. तो वापरणाऱ्यापुरता पाथ तयार करतो, फायली उतरवत नाही. विंडोजला एनएफएसऐवजी सांबाने (विंडोजच्या रीतीने फोल्डर खुले करणारी सोय) फोल्डर द्यावे लागेल.

मुद्रितशोधक

मसुद्यातले एक वाक्य: ‘अपडेटनंतर सर्व फॉरमॅट पुन्हा करा.’ ठीक?

पाथरवट

अजिबात नाही! मराठीत ‘फॉरमॅट मारणे’ म्हणजे डिस्क पुसणे. हे वाक्य वाचून कुणी पेन ड्राइव्ह शोधायला लागला, तर दोष त्याचा नाही.

टेकमधले फॉरमॅट म्हणजे मॅक्रो आधीच वाचून, पचवून एका फाइलीत ठेवलेली अवस्था. दर वेळी लाटेकचा गाभा पहिल्यापासून वाचावा लागू नये म्हणून ती असते. ‘एफएमटी फाइल’ लिहा: ‘एफएमटी फायली पुन्हा तयार करा.’ ही आज्ञा सर्व्हरवर, एफएमटीयुटिल-सिस --ऑल अशीच द्यायची.

जुळारी

तिथे आज्ञांच्या शेवटच्या ‘-सिस’ आणि ‘-युजर’ यांना मराठी हवेच, कारण बहुतेक तक्रारी तिथूनच येतात. ‘सामाईक’ आणि ‘खासगी’ ही जोडी वापरा.

टेकलाइव्ह फायली अनेक थरांत शोधते. वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरातले डॉट टेकलाइव्ह२०२५ आणि टेक्सएमएफ हे खासगी थर आधी. मग संस्थेच्या स्वतःच्या फायलींचे टेक्सएमएफ-लोकल. सर्वांत शेवटी टेकलाइव्हसोबत आलेले टेक्सएमएफ-डिस्ट. आधी सापडले ते घेतले, पुढे पाहणे नाही.

त्यामुळे एखाद्याने अपडमॅप-युजर एकदा चालवले, की त्याच्यापुरती फॉन्टांची यादी त्या दिवशी थांबली. सर्व्हरवर नंतर आलेला टाइप-१ फॉन्ट बाकी सगळ्यांना मिळतो, त्याला मिळत नाही. तसेच एफएमटीयुटिल-युजर चालवून घरी एफएमटी फाइल केली आणि पुढे सर्व्हरवरचा प्रोग्राम बदलला, तर ‘फेटल फॉरमॅट फाइल एरर, आय ॲम स्टायमीड’ अशी तक्रार येते. उपाय एकच: घरातल्या डॉट टेकलाइव्ह२०२५ मधले टेक्सएमएफ-व्हार पुसणे. मूळ लेखन टेक्सएमएफ-व्हारमध्ये नसते, म्हणून हे फोल्डर बिनधास्त काढता येते.

हाच संदेश एकाच वेळी अनेकांना आला, तर सर्व्हरवर अपडेट चालू असताना ते काम करत होते असे समजा. प्रोग्राम नवा आणि एफएमटी जुनी, असा मधला काळ असतो. प्रयोगशाळा बंद असतानाच टीएलएमजीआर अपडेट --सेल्फ --ऑल द्या.

सातबारा

‘स्टायमी’ गोल्फमधले. दुसऱ्याचा चेंडू आपल्या चेंडूच्या आणि खड्ड्याच्या मध्ये येऊन बसणे. ‘अडलो’ म्हटले तरी भाव पोचतो.

खिळा

वापरणाऱ्या संगणकावरून टीएलएमजीआर अपडेट देऊन पाहणारे असतातच. ‘आरओ’ असल्याने ते होणार नाही. लिहिण्याची मुभा दिली असली तरी एनएफएस तिकडच्या रूटला, म्हणजे मुख्य प्रशासकाला, मूळ सेटिंगमध्ये रूट मानत नाही. एखादे पॅकेज एकट्यालाच हवे असेल तर टीएलएमजीआर इनिट-युजरट्री आणि मग --युजरमोड. सगळी पॅकेजेस तशी बसत नाहीत, प्रोग्राम सोबत आणणारी तर नाहीच.

मुद्रितशोधक

टेक्सएमएफ-लोकलमध्ये विभागाची शैलीफाइल ठेवली. फोल्डरात दिसते, पण लाटेक ‘नाही’ म्हणते. ‘दिसते पण सापडत नाही’ हे वाक्य विचित्र वाटते.

पाथरवट

विचित्र वाटले तरी तंतोतंत बरोबर आहे, तसेच ठेवा. या थरांत टेक डिस्क चाळत नाही, एलएस-आर नावाच्या यादीत पाहते. यादीत नोंद नाही, तर फाइल नाही. एमकेटेक्सएलएसआर चालवली की यादी नवी होते. नेटवर्कवर हे फार उपयोगी पडते: हजारो फोल्डरे दुरून चाळण्याऐवजी काही एमबींची एक फाइल वाचून काम होते. ‘डेटाबेस’ असे भारी नाव नको, ‘नावांची यादी’ म्हणा. घरच्या टेक्सएमएफला मात्र ही आज्ञा लागत नाही.

जुळारी

कॅश राहिली. देवनागरीत रोख रक्कमही ‘कॅश’ आणि हीही ‘कॅश’. ‘तयार साठा’ सुचवतो. पुढचे काम लवकर व्हावे म्हणून करून ठेवलेले, आणि पुसले तरी पुन्हा होणारे, असे दोन्ही त्यात येते.

लुआलाटेक पहिल्यांदा चालवले की फॉन्टांचा तयार साठा करते आणि बराच वेळ घेते. सामाईक फोल्डरात लिहिता येत नाही, म्हणून साठा प्रत्येकाच्या घरी, टेक्सएमएफ-व्हारमध्ये होतो. पहिल्या दिवशी तीसही जण एकदम सुरू करतात आणि घरची फोल्डरेही त्याच सर्व्हरवर असतात, तेव्हा सर्व्हर दमतो. पहिली खेप संथ असते, असे आधीच लिहून ठेवा, नाहीतर मुले मधेच बंद करतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सुरू.

झीलाटेकचे वेगळे. ते नावाने मागितलेले फॉन्ट त्या त्या संगणकाच्या फॉन्टकॉन्फिगला (फॉन्ट शोधून देणाऱ्या यंत्रणेला) विचारते, आणि त्याला सर्व्हरवरच्या टेकलाइव्हची खबर नसते. म्हणून टेक्सएमएफ-व्हार/फॉन्ट्स/कॉन्फ मधली टेकलाइव्ह-फॉन्टकॉन्फिग डॉट कॉन्फ ही फाइल प्रत्येक संगणकाच्या /ईटीसी/फॉन्ट्स/कॉन्फ डॉट डी मध्ये ०९-टेकलाइव्ह डॉट कॉन्फ या नावाने ठेवून एफसी-कॅश -एफएसव्ही चालवायची. हे काम सामाईक होत नाही, ३० वेळा करावेच लागते.

मराठी मजकुरासाठी सोपी पळवाट आहे. आयआयटी मुंबईचा शोभिका हा देवनागरी फॉन्ट टेकलाइव्हमध्येच येतो. तो शोभिका-रेग्युलर डॉट ओटीएफ असा फाइलीच्या नावाने मागा, मग फॉन्टकॉन्फिग मध्ये येतच नाही. लुआलाटेकमध्ये रेंडरर (अक्षरे जुळवणारा भाग) म्हणून हार्फबझ सांगायला विसरू नका. मंगल हा विंडोजचा फॉन्ट मागणारी फाइल तो असलेल्या विंडोजवर चालेल आणि शेजारच्या लिनक्सवर अडेल.

मुद्रितशोधक

शेवटचा शब्द: ‘फ्रोझन’. मार्चच्या सुमारास जुने वर्ष बंद होते, त्याला?

पाथरवट

‘गोठवलेली आवृत्ती’. ‘बंद’ लिहू नका, ती चालत राहते, फक्त तिला अपडेट येत नाहीत. २०२५ची गोठली आणि भांडारात २०२६ आली की टीएलएमजीआर ‘स्थापना जुनी, भांडार नवे’ म्हणून थांबते. ती दुरुस्त करायची नसते. २०२६ शेजारी वेगळ्या फोल्डरात इन्स्टॉल करायची आणि पाथमधला आकडा बदलायचा. टेक्सएमएफ-लोकल वर्षांच्या फोल्डराबाहेर असते, त्यामुळे विभागाच्या फायली आपोआप दोन्हींना मिळतात.

खिळा

आणि २०२५ लगेच पुसू नका. कुणाचा तरी प्रबंध अर्धा झालेला असतो आणि नव्या आवृत्तीत पाने सरकतात. त्यांच्या पाथमध्ये सबमिशन होईपर्यंत जुनाच आकडा राहू द्या.