‘पूर्ण व्हा’ म्हणजे परफेक्ट व्हा का?

अर्धवट_यादी (धागाकर्ती)

काल रात्री साडेअकराला मी चर्चच्या उपासनेच्या पत्रिकेतले समास सारखे करत बसले होते. तिसऱ्यांदा. पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) ती दुपारीच ‘छान झालीय’ म्हणून हातावेगळी केली होती. शेजारी आजची यादी पडलेली, सतरा कामांची. त्यांतली पाच गेल्या आठवड्यापासून तशीच, कारण ‘नीट वेळ मिळाला की नीट करू’ म्हणून सुरूच केली नव्हती. आईला फोन करणे हेही त्या पाचांत.

‘जसा तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा’ (मत्तय ५:४८) हे बायबलमधलं येशूचं वचन मला लहानपणापासून वहीवरच्या लाल शेऱ्यासारखं वाटत आलंय. यंदा ते वचन जरा मागून वाचलं. आधीच्या ओळी शत्रूवर प्रीती करण्याच्या आहेत. देव आपला सूर्य दुष्टांवरही उगववतो, असं तिथे म्हटलंय. मूळ ग्रीक शब्द ‘तेलेयोस’, म्हणजे पूर्ण वाढलेला, परिपक्व. येशूचं चरित्र लिहिणाऱ्या लूकने याच शिकवणीत ‘दयाळू व्हा’ लिहिलंय (६:३६). समासांचा संबंध कुठेच नाही.

माझं मत असं झालंय की माझा परफेक्शनिझम हा गुण नसून अविश्वास आहे. मी हात काढला तर जग कोसळेल, असं मला मनातून वाटतं. देव अरण्यात इस्राएली लोकांना रोज पुरवायचा ते अन्न, म्हणजे मान्ना, उद्यासाठी साठवला की त्यात किडे पडायचे (निर्गम १६), तसं मी उद्याचं काम आज साठवून सडवते. म्हणून ठरवलंय: दिवसाला तीनच कामं, बाकीची देवावर सोडून झोपायचं. पटतंय का?

नांगराचा_फाळ

नाही पटत.

मान्न्याचीच गोष्ट पुढे वाचा. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची आज्ञा होती आणि तो सडला नाही. पुढचं बघून काम करणं म्हणजे अविश्वास, हे तुम्ही जोडलंत. प्रेषित पौल तर म्हणतो, जे काही कराल ते माणसांसाठी म्हणून नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा (कलस्सै ३:२३).

मी मंडळीचे, म्हणजे चर्चचे, हिशेब बघतो. ‘देव सांभाळून घेईल’ म्हणणाऱ्यांचं शेवटी मीच सांभाळून घेतो. तुमच्या उरलेल्या चौदा कामांच्या पलीकडे चौदा माणसं वाट बघत असतील, त्यांच्या नावाने कृपा कशी वाटता तुम्ही?

मार्थाची_मैत्रीण

आता कुणीतरी मार्था-मरियेची गोष्ट काढणार, म्हणून मीच काढते. लूक १०. दोघी बहिणी; मरिया येशूच्या पायाशी बसते, मार्था सरबराईत बुडालेली. ती तक्रार करते आणि येशू म्हणतो, मार्था, मार्था, तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस.

स्त्रियांच्या मेळाव्यात ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय, आणि दर वेळी सांगणाऱ्याच्या खुर्च्या मांडायला, भांडी आवरायला आम्हीच होतो. पण योहानाचं शुभवर्तमान वाचा. त्यांचा भाऊ लाजर मेल्यावर येशूला सामोरी जाते ती मार्था, मरिया घरात बसून राहते. ‘तू ख्रिस्त आहेस’ हे मार्थाच्या तोंडून येतं (११:२७). आणि १२व्या अध्यायात ती पुन्हा वाढतेच आहे! या वेळी तिला कुणी काही बोलत नाही.

म्हणजे काम तेच, बाई तीच. मला वाटतं, पहिल्या वेळी तिची दगदग हातांची नव्हती, मान वळवून बहिणीकडे बघण्याची होती. धागाकर्तीला विचारते: यादी सतराची की तीनची, त्याने काय फरक पडतो? तीन कामंही तुम्ही तीन-तीन वेळा करणार असाल तर नऊ झालीच की.

बिनदेवाचा

मी श्रद्धाळू नाही, तरी बोलतो. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे, त्याची गोष्ट आवडते मला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच सगळ्या लोकांचे न्यायनिवाडे करत बसायचा. सासरा इथ्रो आला, बघितलं आणि म्हणाला, अशाने तूही थकशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम (निर्गम १८). कामाची वाटणी, बस. जास्त प्रार्थना कर असं काही त्याने सांगितलं नाही.

तुमच्या सतरा कामांपैकी किती दुसऱ्या कुणाची आहेत ते मोजा. उत्तर तिथेच निघेल. अविश्वास वगैरे नाव दिलंत की थकवा तर राहतोच, वर अपराधीपणाही येतो.

खडा

शेवटचं वाक्य अगदी वर्मावर बसलं, आणि मी श्रद्धाळू आहे.

काही वर्षांपूर्वी माझी प्रार्थनाच यादीत गेली होती. लक्ष विचलित झालं की पहिल्यापासून. एखादं पाप कबूल करायचं राहिलं असेल या भीतीने पुन्हा पहिल्यापासून. कार्यालयात पाठवलेला अहवाल रात्री उघडून वाचायचो, तसा दिवस उघडून वाचायचो. याला इंग्रजीत स्क्रुप्युलॉसिटी म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बारीक टोकदार खडा. चपलेत अडकलेला खडा. माझं इथलं नाव त्यावरूनच.

मार्टिन ल्यूथरला हेच होतं. मठात असताना तो तासन्‌तास पापांगीकार करायचा, इतका की त्याचे गुरू स्टाउपिट्झ वैतागायचे. इग्नेशियस लोयोला १५२२ साली मानरेसा इथे त्याच फेऱ्यात अडकला होता; कबूल केलेली जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करत होता. शेवटी त्याने ठरवलं, झालेलं पुन्हा उकरायचं नाही. एक प्रॉटेस्टंट चळवळीचा जनक, दुसरा कॅथलिक जेझुइट संघाचा संस्थापक. दोघांचं आयुष्यभर पटलं नसतं, पण खडा एकच.

म्हणून ‘अविश्वास आहे’ हे निदान मला घातक वाटतं. परफेक्शनिस्ट माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ म्हणालात की तो विश्वासही परफेक्ट करायला बसतो. अठरावं काम. मला समुपदेशकाचा उपयोग झाला, आणि पाळकांनी घालून दिलेल्या एका साध्या नियमाचा: प्रार्थना एकदाच, जशी झाली तशी.

नांगराचा_फाळ

आजार असेल तर उपचार घ्यावेत, त्यात वाद नाही. पण प्रत्येक टाळाटाळीला आजार म्हणू लागलो तर कठीण आहे. चांगलं काम करायची हौसही कुणाला असू शकते ना? कडेपर्यंत नीट शिवलेलं वस्त्र बघून मला देवाची आठवण होते. ते ‘जसं झालं तसं’ शिवलेलं नसतं.

खडा

हौस असेल तर काम संपल्यावर आनंद होतो. आम्हाला नुसतं सुटल्यासारखं वाटायचं, तेही दहा मिनिटं.

पॅरिसच्या कार्मेलाइट मठात १७व्या शतकात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा बंधू होता. स्वयंपाकघरातलं काम त्याला स्वभावतः नकोसं होतं, तरी वर्षानुवर्षं त्याने ते देवासाठी म्हणून केलं. चूक झाली की देवाला सांगायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. मागे बघत बसायचा नाही. तुमचं कलस्सै ३:२३ यात बसतं, माझंही.

नांगराचा_फाळ

हं. हा माणूस पटला. पण बघा, तो ‘पुन्हा कामाला लागायचा’. झोपायला जायचा नाही.

मार्थाची_मैत्रीण

संदेष्टा एलीया झोपला होता. कर्मेल डोंगरावरच्या एवढ्या पराक्रमानंतर रतामाच्या झाडाखाली, ‘आता पुरे’ म्हणून. देवदूताने त्याला उठवून खायला दिलं, तो पुन्हा झोपला, दूताने पुन्हा खायला दिलं (१ राजे १९). एकदाही रागावला नाही.

अर्धवट_यादी

सगळ्यांचं वाचलं. ‘अविश्वास’ हा शब्द मागे घेते; तो लिहिताना मीच स्वतःच्या वहीवर शेरा मारत होते. पण नांगराचा_फाळ, त्या चौदा कामांपैकी नऊंची वाट माझ्याशिवाय कुणीच बघत नाहीये. मोजली मी. चार इथ्रोच्या सल्ल्याने वाटून टाकली. आईला फोन केला, तिला काहीच नीट सांगता आलं नाही, तरी चाळीस मिनिटं बोललो.

आणि पत्रिका. तिच्यात एका गीताचा क्रमांक चुकला होता. माझ्याच तिसऱ्या फेरीत, समास सरकवताना. आज निम्म्या मंडळीने एक गीत सुरू केलं, निम्म्यांनी दुसरं. ऑर्गनवाले बिचारे दोन ओळी दोन्हीकडे बघत राहिले, मग सगळेच हसायला लागले. मी सोडून.

नांगराचा_फाळ

पुढच्या वेळी पत्रिका मी तपासतो. दुपारी, एकदाच.

अर्धवट_यादी

चालेल. समासांना हात लावू नका.