विषय: खान्देशातली भुताखेतांची ठिकाणं, डिसेंबरचा बेत

नमस्कार मंडळी,

शाळांना सुट्टी लागली की आम्ही तीन घरं डिसेंबरअखेर खान्देशात निघतोय. आजीच्या गोष्टींतले खवीस, मुंजा, चकवा मुलांनी इथं मेलबर्नला बसून पुष्कळ ऐकले, आता त्यांना ती माती दाखवायची आहे. टूरवाला नको. आपली गाडी, आपला वेळ. सध्याची यादी: थाळनेर, बुऱ्हाणपूर, आसीरगड, अस्तंबा आणि जमलंच तर धडगावकडचं एखादं डाकिणीचं गाव. किल्ल्यावर रात्री थांबता येईल का? माहीतगारांनी सांगावं.

— मेलबर्न, मूळ धुळे

----

उत्तर:

चि. दादास आशीर्वाद,

मी सध्या शिरपूरला घरीच आहे, म्हणून लगेच लिहिते. बेत छान आहे. डिसेंबरही योग्य, उन्हाळ्यात इथला दगड हात लावू देत नाही.

थाळनेरपासून सुरुवात करा. तापीच्या काठावर फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी. त्यांच्या कबरी गावाला लागूनच आहेत, त्यातली एक अष्टकोनी आहे, तिच्यावरची नक्षी मुलांना जवळ नेऊन दाखवा. पण भुताची गोष्ट किल्ल्याची. 1818 च्या जानेवारीत होळकरांनी मंदसोरचा तह केला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांकडे गेला. थाळनेरच्या किल्लेदारानं किल्ला सोडायला नकार दिला. 27 फेब्रुवारीला इंग्रज सेनापती हिस्लॉप तोफा घेऊन आला. दरवाजात बोलणी चालू असताना झटापट झाली, इंग्रजांचे अधिकारी पडले, आणि मग आतली शिबंदी कापून काढली. किल्लेदाराला फाशी दिलं. इतकी माणसं एका दिवसात जिथं मेली, तिथं लोक रात्री जायला कचरतात यात नवल काय! मुलांना आधी हे सांगा, मग तटावर न्या. नदीकडची बाजू ढासळलेली आहे, कडेला जाऊ देऊ नका. आणि पाण्याशी संध्याकाळी रेंगाळू नका. मनी माय म्हने, "रातले नदीवर जाऊ नको, तठे आसरा शेतस." आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. तापीत डोह आहेत, एवढं कारण मला पुरतं.

बुऱ्हाणपुरात मुमताज महल 1631 साली बाळंतपणात गेली. ताजमहाल व्हायच्या आधी तिला तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात, म्हणजे शाही हरणबागेत, पुरलं होतं. ते बघाच, शाही किल्ल्याबरोबर तेही पाहून होतं. आसीरगड तिथून वीसेक किलोमीटर. वरच्या महादेवाला पहाटे अश्वत्थामा फूल वाहून जातो असं तिथले लोक सांगतात. अंधार पडायच्या आत खाली या. दोन्ही ठिकाणं मध्य प्रदेशात आहेत, ड्रायव्हरला आधी सांगा म्हणजे परमिटचं तो बघेल.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसले ते. अस्तंबा भुताच्या यादीतून काढ. तिथं अश्वत्थाम्याला अस्तंबा ऋषी म्हणून मानतात. धनत्रयोदशीपासून सातपुड्यातली पोरं मशाली घेऊन तो डोंगर चढतात. जखमेला तेल मागत फिरणारा तो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. जायचं तर दिवाळीत, यात्रेकरू म्हणून जा.

आणि डाकिणीचं गाव तर मुळीच नको. सातपुड्यात हा शब्द गोष्टीतला नाही. मूल आजारी पडलं, बैल मेला, की भगताकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, जायचं. तो एखाद्या बाईकडे बोट दाखवतो. ती एकटी असते, कधी तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. मग तिला मारतात, गावाबाहेर काढतात, कधी जिवे मारतात. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अशा प्रकारांसाठीच आहे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्ते कितीतरी वर्षं त्या भागात फिरताहेत. आपण गाडीतून उतरून "इथं डाकीण कोण?" असं विचारलं की कोणीतरी एका घराकडे बघणार. आपण परत मेलबर्नला, ती बाई तिथंच. लेकरांसमोर तर हा प्रश्न येऊच देऊ नका.

— शिरपूरच्या काकू

----

उत्तर:

काकूंनी लिहिलं ते मनापासून पटलं. माझं माहेर चाळीसगाव, म्हणून एक भर घालते. स्टेशनजवळ केकी मूस यांचा बंगला आहे. मुंबईत जन्मलेले हे फोटोग्राफर जवळजवळ पन्नास वर्षं त्या घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. 31 डिसेंबर 1989 ला गेले. त्यांची प्रेयसी पंजाब मेलनं येणार म्हणून ते रोज गाडीच्या वेळी वाट बघत, असं गावात सांगतात. आमच्या लहानपणी त्या फाटकासमोरून आम्ही धावत जायचो. आता तिथं त्यांचं कलादालन आहे, फोटो बघायला वेळ राखून ठेवा. टेबलावर छोट्या वस्तू मांडून ते अख्खा देखावा उभा करायचे, मुलं त्यासमोरून हलणार नाहीत.

गेलात तर पाटणादेवीही करा, पण जंगल अभयारण्यातलं आहे, उजेडातच.

आणि चकवा दाखवायचाय ना? यावल-रावेरकडे केळीच्या बागेत शिरा. दहा ओळी आत गेलं की चारही बाजू सारख्या दिसतात, आलेली वाट सापडत नाही. शेतकऱ्याला विचारून, त्याच्याबरोबरच जा.

— ऑकलंड, माहेर चाळीसगाव

----

उत्तर:

काकू, वहिनी, दोघींना नमस्कार. अस्तंबा पुढच्या दिवाळीला, डाकिणीचं गाव रद्द. रात्री किल्ल्यावर थांबणंही रद्द. आता क्रम असा: चाळीसगाव, धुळे, थाळनेर, मग तापीच्या काठाकाठानं चोपडा, यावल, रावेर करत बुऱ्हाणपूर. थाळनेरला गावातलंच कोणीतरी बरोबर हवं, काकू, तुमच्या ओळखीत आहे का? माणसाचा मोबदला आणि जेवण आमच्याकडे.

— मेलबर्न

----

उत्तर:

आहे. मास्तर होते, निवृत्त झालेत, किल्ल्याचा दगडन्‌दगड त्यांना माहीत. पैसे घेणार नाहीत, मुलांसाठी थाळनेरच्या शाळेला पुस्तकं आणा. दुपारचं जेवण माझ्याकडे: भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी. किती माणसं आणि तिखट न खाणारी पोरं किती, ते आठ दिवस आधी कळवा.

— काकू