टेरिटोरियल आर्मी म्हणजे आयटीवाल्यांची हौस?

घोडबंदरचा_गडी
'फावल्या वेळचे फौजी' हा परवाचा धागा वाचून डोकं फिरलं. म्हणे टीएत, म्हणजे टेरिटोरियल आर्मी या लष्कराच्या अर्धवेळ दलात जाणारे सगळे गलेलठ्ठ पगारवाले, गणवेशात फोटो काढायला जातात. तिथेच उत्तर लिहीत होतो, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, नोकरीधंदा असणं ही टीएतली पळवाट नाही, अट आहे! पदवीधर, वय १८ ते ४२ आणि स्वतःची कमाई. तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजाजी यांनी ९ ऑक्टोबर १९४९ ला उद्घाटन केलं तेव्हापासून कल्पना हीच, की आपला कामधंदा सांभाळून गरजेला उभं राहायचं. वर्षाकाठी दोन महिन्यांच्या शिबिरावर पेन्शन काही बसत नाही. आणि 'युद्ध आलं की हे घरी' म्हणणाऱ्यांनी मे २०२५ आठवावा. लष्करप्रमुखांना टीए बोलावण्याचे अधिकार मिळाले, त्यात ३२ पैकी १४ पायदळ बटालियन होत्या.

मी एनसीसी 'सी' सर्टिफिकेटवाला. कॉलेजात असताना एसएसबीला, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळासमोर, कॉन्फरन्स आउट झालो (शेवटच्या टप्प्यावर नापास), मग नोकरी, लग्न, हप्ते. आता पुन्हा रीझनिंगची पुस्तकं काढलीत, पहाटे ठाण्याच्या उपवन तलावाला धावतो. कंपनीत शिबिराचं विचारलं तर एचआर म्हणते, दोन महिने? बिनपगारी टाका, परत आल्यावर बघू. हौसेपायी एवढं कोण ऐकून घेईल?

नेरूळचे_नाना
तो धागा माझाच आणि एक अक्षर मागे घेत नाही. माझा पुतण्या अग्निवीर. भरतीच्या १६०० मीटर धावण्यासाठी गावच्या रस्त्यावर अंधारात धावून तळपाय सोलवटले पोराचे. चार वर्षांनी शंभरातले पंचवीस ठेवणार, बाकीचे घरी. तुम्हाला मात्र कमिशन आधी आणि तीन महिन्यांचं ट्रेनिंग पहिल्या दोन वर्षांत कधीतरी. आधी खांद्यावर तारे, मग परेड! आणि सॅल्यूट कोणी ठोकायचा? त्या पोराने.

माजी_कॅप्टन_ऐरोली
नानांशी सहमत होणं जिवावर येतंय, पण तीन महिन्यांचा मुद्दा खरा आहे. आम्ही चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत ४९ आठवडे घासलो, तरी युनिटमध्ये पहिलं वर्ष सुभेदार साहेबांनीच सांभाळून घेतलं. बाकी 'हौस' वगैरे तुमची मळमळ आहे नाना. लेखी, पीआयबी (प्राथमिक मुलाखत), एसएसबी, मेडिकल एवढं पार करून कोणी फोटो काढायला जात नाही.

गडीसाहेब, एसएसबीत धावायची परीक्षाच नसते. दहा अडथळे असतात, तीन मिनिटांत. दोरावर चढायला शिका. उपवनला फेऱ्या मारून दोर चढता येत नाही.

पाचपाखाडीची_ताई
उपवनला फेऱ्या मारायला जागा तरी असते का? भल्या पहाटेपासून गाड्या लावून चहा पीत उभे असतात. वर येऊरला जावं तर रात्रीच्या बंगल्यांवरच्या पार्ट्यांच्या बाटल्या रस्त्यावर. नॅशनल पार्कचा भाग आहे तो, कोणाला काही पडलेलं नाही.

खारघरचा_खडूस
म्हणून म्हणतो, खाडी ओलांडून नवी मुंबईत या. आमच्याकडे सेंट्रल पार्क आहे, टेकडी आहे, पाम बीच रोड आहे.

पाचपाखाडीची_ताई
पाम बीचवर धावायचं? एवढ्या वेगात गाड्या जातात तिथे, मेडिकलआधीच हॉस्पिटल व्हायचं.

खारघरचा_खडूस
कडेने धावतात हो माणसं. आणि घोडबंदरवाल्याने रस्त्यांबद्दल बोलूच नये. तुमच्याकडे गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस शिबिर संपल्यावर पोचेल.

घोडबंदरचा_गडी
मी रस्त्यांबद्दल एक शब्द बोललोय का? टीएवर बोला!

खारघरचा_खडूस
टीएवर बोलण्यासारखं आहे काय? जायचं तर जा. जाहीर करायची काय गरज?

पाचपाखाडीची_ताई
गरज आहे. बायकांना टीएत घेत नव्हते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला तेव्हा कुठे दार उघडलं, आणि आमच्या सोसायटीत हे अजून कोणाला माहीत नाही. मी घरी विषय काढला तर सासरे म्हणाले, 'डब्याचं काय?' नवरा हसला. नानांना निदान पुतण्याची काळजी आहे, इथे डब्याची! तेव्हा कोणीतरी बोंबलून सांगितलेलं बरं.

नेरूळचे_नाना
ताई, तुम्ही खुशाल जा. माझा राग एसीत बसून देशभक्ती शिकवणाऱ्यांवर आहे.

माजी_कॅप्टन_ऐरोली
नाना, एसीत मीही बसतो. दहा वर्षं शॉर्ट सर्व्हिस केली, पेन्शन शून्य, आता ऐरोलीत लॅपटॉप. टीएसाठी माजी अधिकाऱ्यांचा अर्ज मीही भरलाय, बेचाळिशीच्या आत. आता मलाही हौशी म्हणा, बघू.

गडीसाहेब, एचआरला १९४८ चा टीए कायदा वाचायला द्या. सेवेला बोलावलेल्या माणसाला कामावर परत घेण्याचं बंधन मालकावर आहे. 'बघू' चालत नाही.

घोडबंदरचा_गडी
कायदा दाखवीन. पण अप्रेझल त्याच बाईंच्या हातात आहे, कॅप्टनसाहेब. तारे खांद्यावर यायच्या आधी रेटिंग जायचं.

नेरूळचे_नाना
बरं, कॅप्टनना हौशी म्हणणार नाही. त्यांनी ४९ आठवडे घासलेत. गडीसाहेबांना 'होतकरू हौशी' म्हणतो, तेवढं चालवून घ्या.

आणि हा धागा पुतण्याला पाठवला होता. वाटलं, पोरगा माझ्या बाजूने दोन शब्द लिहील. उत्तर आलं : 'काका, ते चाळिशीत आत यायला धडपडतायत, मला पंचविशीच्या आत बाहेर काढतील. त्यांच्याशी का भांडताय?' आता त्याच्याशी अबोला आहे.