मदत हवी आहे: फ्लँज जोड हिशोबापेक्षा आधीच घसरतो

दोन स्टील फ्लँज, एम १२ चे (१२ मिमी व्यासाचे) ६ बोल्ट (ताकदीचा ग्रेड ८.८), पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) १२० मिमी. बोल्ट कोरडेच, टॉर्क रेंचने ८५ न्यूटन-मीटरला आवळलेत. फ्लँजमधला घर्षण गुणांक ०.१५ धरला तर जोड न घसरता पेलेल असा टॉर्क १,९१२ न्यूटन-मीटर येतो, पण जोड १,२०० च्या आसपासच घसरतो. पृष्ठभाग दोन आहेत म्हणून दुप्पट धरायचं का? मग तर फरक आणखीच वाढतो!

प्रतिसाद १
दुप्पट नाही. पृष्ठभाग दोन, पण घासणारी जोडी एकच. मध्ये तिसरी प्लेट असून टॉर्क तिच्यातून जात असेल तरच दोन.

सूत्र बरोबर आहे: बोल्टसंख्या × एका बोल्टचा ताण × गुणांक × पीसीडीची त्रिज्या. ८५ ला (०.२ × ०.०१२) ने, म्हणजे कोरड्या बोल्टचा टॉर्क गुणांक × मीटरमधला व्यास याने, भागून ३५.४ किलोन्यूटन घेतलेत ना? तो सरासरी आकडा. आवळण्याचा बहुतेक टॉर्क डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणातच जातो, त्यामुळे रेंच अचूक असला तरी ताण ३० टक्के इकडे-तिकडे होतो. कमीत कमी बाजूने मोजा: ३५.४ चे ७० टक्के २४.८, पृष्ठभाग दबून बसण्यापोटी आणखी १० टक्के वजा, उरले २२.३. घर्षण गुणांक ०.१२ घेतला की ६ × २२,३०० × ०.१२ × ०.०६ = सुमारे ९६०. डिझाइनला हाच आकडा धरायचा, १,९१२ नव्हे.

धागाकर्ता
एका फ्लँजवर प्राइमर आहे. आणि ताण वाढवायला आट्यांना तेल लावलं तर?

प्रतिसाद २
प्राइमर आधी काढा. घर्षण गुणांकाचा भरवसा राहत नाही, शिवाय थर दबत जातो तसे बोल्ट ढिले पडतात. मग दोन्ही पृष्ठभाग सॉल्व्हंटने पुसा.

तेल लावून ८५ वरच आवळाल तर टॉर्क गुणांक ०.२ च्या जागी ०.१५ धरून ताण ४७ किलोन्यूटन, म्हणजे ५६० मेगापास्कल. या बोल्टचा प्रूफ ताण (कायमचा न ताणला जाता सोसेल तेवढा) ५८०, त्यात आवळतानाचा पीळ वेगळा. तेल लावायचंच तर ६४ न्यूटन-मीटरला थांबा: ताण तेवढाच राहतो, फक्त बोल्टागणिक फरक कमी होतो. तेलाचा थेंब फ्लँजच्या तोंडावर गेला तर मात्र सगळं मुसळ केरात.

प्रतिसाद १
तरी कमी पडलं तर १०.९ ग्रेड घ्या किंवा पीसीडी वाढवा. स्प्रिंग वॉशरने घसरण थांबत नाही. आणि एकदा घसरलेल्या जोडातले बोल्ट बदला. भोकाच्या कडेवर आपटून ते वाकलेले असू शकतात.