टॅकोमासाठी परवडणारे ऑल-टेरेन टायर: खाली पाऊस, पासवर बर्फ

इसाक्वाकर

नमस्कार मंडळी. मी वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलजवळ इसाक्वाला राहतो. माझ्याकडे 2013 ची टोयोटा टॅकोमा पिकअप आहे. डबल कॅब, फोर व्हील, टायर 265/70 आर 16. आधीच्या मालकाने बसवलेले टायर आता गोटा व्हायला आलेत. परवा आय-90 महामार्गावर चाकोरीत साचलेल्या पाण्यातून गेलो तेव्हा स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं. बायको शेजारीच होती, त्यामुळे "थँक्सगिव्हिंगच्या आत टायर" हा निर्णय गाडीतच झाला.

वापर सांगतो. रोजचं ऑफिस, म्हणजे ऑक्टोबर ते मे ओला रस्ता. शनिवार-रविवार लाकूड, खत, माती असं काहीबाही. हिवाळ्यात पोरांना घेऊन स्नोक्वाल्मी पास (पास म्हणजे घाट), आणि डिसेंबरात दिवे बघायला स्टीव्हन्स पासवरून लेव्हनवर्थ. दगडधोंड्यांत गाडी घालायची हौस नाही. ट्रेलर नाही.

ऑल-टेरेन, म्हणजे पक्क्या-कच्च्या दोन्ही रस्त्यांना चालणारे टायर हवेत. बजेट बसवून 1000 डॉलरच्या आत. एका दुकानात दहा प्लायचे लोड रेंज ई (जड ओझ्याचे) टायर गळ्यात मारत होते, "ट्रक आहे, मग हेच लागतात" म्हणे. खरंच लागतात का? आणि नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो, चिखल-बर्फ) लिहिलेला टायर आणि डोंगराचं चित्र असलेला टायर, यात नेमका फरक काय?

मनरोचे काका

दुकानदाराला राम राम करा आणि बाहेर पडा. तुमच्या वापराला ई नको.

मी मनरोला राहतो, स्टीव्हन्स पासच्या वाटेवरच. कामाच्या साइट पलीकडच्या बाजूला असतात, त्यामुळे पिकअप घेऊन पास ओलांडणं नित्याचं. ई टायरची बाजू जाड आणि ताठ असते. मागे ट्रेलर असेल, हौद्यात रोज खडी असेल, तर ती हवीच. पण रिकाम्या पिकअपचं मागचं वजन मुळातच कमी. त्यात ताठ, जड टायर घातला की ओल्या वळणावर मागचं चाक उड्या मारतं. पेट्रोल जास्त पितं ते वेगळंच. हवेचाही घोळ होतो, कारण दाराच्या स्टिकरवरचा आकडा मूळच्या टायरसाठी असतो, ई ला तो चालत नाही. तुम्ही साधा पी-मेट्रिक घ्या, म्हणजे आकड्यांच्या आधी 'एलटी' नसलेला. पैसेही तिथेच वाचतात.

आता चित्राबद्दल. एम प्लस एस हा शिक्का नक्षीच्या ठेवणीवर मिळतो. खाचा पुरेशा मोकळ्या असल्या की झालं, बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. तीन शिखरं आणि हिमकण असलेलं चिन्ह 1999 मध्ये आलं, आणि त्यासाठी टायरला दाबलेल्या बर्फावर प्रत्यक्ष जोर लावून दाखवावा लागतो: ठरलेल्या संदर्भ टायरचे 100 धरले तर याचे निदान 110. तेवढं चिन्ह बघूनच घ्या. मात्र ती परीक्षा गाडी पुढे ओढण्याची आहे. ब्रेक लावल्यावर गाडी कुठे थांबेल, याबद्दल ते चिन्ह काही बोलत नाही.

आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. तुमचा टायर वर्षातले बहुतेक दिवस बर्फावर नाही, पाण्यावर चालणार आहे. सिअ‍ॅटलचा वर्षाचा पाऊस मुंबईच्या निम्माही नाही, पण तो महिनोन्‌महिने रिपरिपतो, रस्ता वाळू म्हणून देत नाही. म्हणून नक्षीचे ठोकळे किती राक्षसी दिसतात ते बघू नका. ठोकळ्यांवर नखाएवढ्या बारीक चिरा किती आहेत ते बघा. दुकानात बोट फिरवा, चिरा वाकड्यातिकड्या आणि खोल हव्यात. ओल्यावर आणि बर्फावर त्याच चिरा धरतात. आमच्या पासवरचा बर्फही भुसभुशीत नसतो. तापमान शून्याच्या आसपास, म्हणून ओला आणि जड. इथले लोक त्याला इथल्या कॅस्केड डोंगररांगेवरून कॅस्केड काँक्रीट म्हणतात ते उगाच नाही.

नावं हवीत तर तुमच्या बजेटात कुम्हो रोड व्हेंचर एटी52 आधी बघा. थोडे वर जायची तयारी असेल तर फाल्कन वाइल्डपीक किंवा जनरल ग्रॅबर एटीएक्स. फाल्कनचं एटी4डब्ल्यू आल्यावर जुना एटी3डब्ल्यू कुठे स्वस्तात पडून असेल, तर तोही वाईट नाही. फक्त बाजूवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. 3222 म्हणजे 2022 चा बत्तिसावा आठवडा. जुना माल असेल तर घासाघीस करा किंवा सोडून द्या.

स्पोकेनची सून

काका, सगळं मान्य, पण "चिन्ह बघून घ्या" एवढ्यावर लोक निर्धास्त होतात. आमच्याकडे राज्याच्या पूर्वेला सकाळी रस्त्यावर काच असते काच. तिथे ऑल-टेरेन, चिन्ह असो वा नसो, खऱ्या हिवाळी टायरच्या पासंगालाही पुरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीत मऊ राहतं, ऑल-टेरेनचं त्या मानाने कडक पडतं. आम्ही जुन्या स्टीलच्या रिमवर वेगळा हिवाळी जोड ठेवलाय. खिळ्यांचे टायर हवे असतील तर वॉशिंग्टनमध्ये 1 नोव्हेंबर ते 31 मार्च एवढीच मुभा आहे, आणि तुमच्या नुसत्या ओल्या डांबरावर ते उलट घसरतात. इसाक्वाला राहून ते घेऊ नका.

मनरोचे काका

ताई, स्पोकेनला मीही तेच केलं असतं. पण यांच्या घराशी बर्फ वर्षातून चार दिवस पडतो आणि त्या दिवशी अख्खं गाव घरी बसतं.

चिपळूणचा_पोर्टलंडात

एक अवांतर. व्हरेडेस्टाइनचा पिंझा एटी पण बघा. नाव डच असलं तरी 2009 पासून कंपनी आपल्या अपोलोची आहे. गावी टेम्पोला अपोलो, इथे ट्रकला अपोलो, आमचे वडील जाम खूश झाले ऐकून.

इसाक्वाकर

सगळ्यांचे आभार. आज क्वार्टर (25 सेंटचं नाणं) उलटं धरून नक्षीत खुपसलं, तर वॉशिंग्टनसाहेबांचं अख्खं डोकं दिसलं. म्हणजे 4/32 इंचाच्याही खाली. कुम्हो ठरवतोय, चारही एकदम. दोन प्रश्न उरले. फोर व्हील असून साखळ्या बाळगायच्याच का? आणि एक नंबर मोठा टायर घातला तर गाडी जरा उंच दिसेल, काय म्हणता?

मनरोचे काका

4/32 म्हणजेच एक अष्टमांश इंच, आणि पासवर "ट्रॅक्शन टायर (बर्फात पकड देणारे) आवश्यक" पाटी लागते तेव्हा कायद्याला किमान तेवढी नक्षी हवी असते. त्यामुळे नवे बसेपर्यंत पासकडे फिरकू नका.

साखळ्या बाळगायच्याच. "साखळ्या आवश्यक" पाटी लागली की फोर व्हीलला त्या चढवण्यातून सूट मिळते, पण तीन अटींवर: चारही चाकं जोडलेली हवीत, टायर चालणारे हवेत आणि गाडीत साखळ्या हव्यात. घरी अंगणात एकदा कोरड्यात चढवून बघा. पासवर बोटं गारठलेली असताना, बाजूने ट्रक चिखल उडवत जात असताना, तो हुक कुठे अडकतो हे शोधायची वेळ नसते.

मोठा टायर नको. साखळीला आत जागा कमी पडते आणि ती ब्रेकच्या नळीला घासायची भीती. उंच दिसायला गाडी धुऊन उभी करा, तेवढं पुरे.

हौद्यात चाकांच्या कमानींच्या मधोमध 60 पौंडांच्या वाळूच्या तीन-चार पिशव्या पट्ट्याने आवळून टाका. सुट्या ठेवू नका, ब्रेक मारला की त्या केबिनपर्यंत येतात. टायर बसवल्यावर 50 ते 100 मैलांनी नट पुन्हा आवळून घ्या. आणि पहिली थंडी पडली की हवा तपासा. दर दहा अंश फॅरेनहाइटला साधारण एक पीएसआय उतरते, ऑक्टोबरात भरलेली हवा डिसेंबरात पुरत नाही.